पाच मिनिटांत जोडतो

—अहो, त्या खुर्चीवर नका बसू मॅडम, तिचा एक पाय मोडलाय, पुण्याहून कुणी साहेब आला की ती हमखास पाडते. इकडं बाकावर बसा. चहाला जरा दम धरावा लागेल, मंगलाबाई घरी गेल्यात — ते मागं पत्र्याचं दिसतंय ना, तेच घर — नवऱ्याला कुशीवर वळवायला जातात दर दोन तासांनी. दूध झाकून, दुकान उघडं टाकून जातात, लक्ष ठेवायला मी असतोच इथं. हां, तर तुमचा कागद. अरे वा, टाइप करूनच आणलाय! म्हणजे चौकशी व्हायच्या आधीच निकाल तयार. आपल्या कंपनीचं हे मला फार आवडतं बघा, उगाच वेळ वाया घालवत नाही. ‘जेसीबी चालकाच्या निष्काळजीपणामुळे’ — सुंदर. खाली माझं नाव, सावळीराम कातकाडे, ‘जागेवरील तंत्रज्ञ’. तंत्रज्ञ! एकोणतीस वर्षं वायरी जोडतोय, अख्खं अंबड मला जॉइंटवाला म्हणून हाक मारतं, आज कुठं तंत्रज्ञ झालो. द्या पेन. काय म्हणालात? आधी माझ्या तोंडून ऐकायचंय? निकाल हातात आहे आणि साक्ष आत्ता घेताय — बरं, ऐका.

अठरा फेब्रुवारी, सकाळचे अकरा चाळीस. येताना बघितलंच असेल, सगळं नाशिक खणून ठेवलंय, कुंभमेळा यायचाय ना — साधू येतील तेव्हा येतील, खड्डे आधीच येऊन बसलेत. हा सिन्नरचा रस्ता रुंद करायला घेतला आणि त्यावर झुंबर म्हणून सटाण्याकडचा एक माणूस जेसीबी घेऊन आला. या समोरच्या मोरीपाशी त्यानं बकेट घातलं आणि आपला जमिनीतला वायरींचा पाइप मुळासकट वर काढला. झालं, इथून सिन्नरकडचे आपले सहा टॉवर मुके. आपल्या कंपनीचा एक फोन लागेना — एकशे बारा नाही, एकशे आठ नाही — सत्तेचाळीस मिनिटं. आणि नेमका त्याच वेळात या मंगलाबाईंचा नवरा भिका, ते बाजूचं बंद पंक्चरचं दुकान त्याचंच, ट्रकचं टायर काढता काढता खाली पडला. अर्धांगाचा झटका. बाईंनी रुग्णवाहिकेला एकोणीस वेळा फोन लावला. एकोणीस, मॅडम, मोबाइलमधे दाखवतात त्या. शेवटी टोमॅटोच्या पिकअपमधे क्रेटवर आडवा घालून नेला. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. अर्धा तास आधी आणला असता तर चालत घरी गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांचं काय जातंय म्हणायला. झुंबरला कामावरून काढलं, पोलिसांत नाव गेलं, आता या कागदावर माझी सही पडली की त्याचं लायसन जाणार. बरोबरच आहे. वायर तोडली कुणी? त्यानं. मग भरावं त्यानं.

आता रिकामाच असतो तो. म्हणून रोज येतो इथं, वीस-वीस लिटरचे दोन कॅन हापशावरून भरून आणतो बाईंना. बाई त्याच्याकडं बघतसुद्धा नाहीत — बघतात तेव्हा असल्या शिव्या घालतात की मलाच उठून जावंसं वाटतं. तो कॅन ठेवतो आणि जातो. एकदाच मला म्हणाला, “मन्हा काय दोष शे भाऊ?” मी म्हटलं, बाबा, बकेट कुणाचं होतं? रिकामा कॅन उचलून हापशाकडं गेला बिचारा. आणि माझं नशीब बघा, मला आल्याचा चहा, वर साय. गिऱ्हाइकांना सांगत असतात, आमचे सावळीरामभाऊ भर उन्हात खड्ड्यात उतरून जोडत होते हो, माणूस असावा तर असा. ऐकून बरं वाटतं. म्हणजे — कुणालाही वाटेलच की.

काय? दुसरी वायर? अरे देवा, नकाशा वाचून आलाय तुम्ही. पुण्याचे लोक नकाशा वाचतात हे मी विसरलोच. हो, आहे ना दुसरी. लाल वायर रस्त्याच्या डाव्या अंगानं, निळी उजव्या अंगानं, मधे अख्खा रस्ता. लाल तुटली की फोन निळीवरून जातो, बोलणाऱ्याला कळतपण नाही. अहो, लाल काय, या गावात दर आठवड्याला तुटते — जेसीबी तोडतो, उंदीर कुरतडतो, कुणी पाण्याचा नळ घ्यायला कुदळ घालतो. तोडली म्हणून कुणाला फासावर देतं का कुणी? मी जातो, बिडी ओढत जोडतो, परत येतो. लाल तुटली म्हणून एक फोन बंद पडायला नको, त्यासाठीच तर निळी टाकली, नाहीतर — नाहीतर...

असं बघू नका हो माझ्याकडं. मला माहितीय तुम्ही काय विचारणार. झुंबरनं डावीकडं खणलं तर उजवीकडची कशी तुटली? लय हुशार आहात, वर्ष-दोन वर्षांत मोठ्या साहेब व्हाल. तर ऐका आता, लिहू मात्र नका — पेन खाली ठेवा आधी. नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. निळी टाकत आम्ही या मोरीपर्यंत आलो, आणि उजव्या अंगाला म्हसोबा. एवढासाच दगड, शेंदूर फासलेला, पण खणायचं ते नेमकं त्याच्या पाठीमागून. लखन मुकादमाच्या माणसांनी कुदळी टाकल्या खाली. म्हणाले, देवाच्या पाठीत कुदळ घालणार नाही, तुझं तूच खण. आणि मी कुठला शूर? माझापण हात होईना, खोटं कशाला बोलू. मग ठरलं — अमावास्येला नारळ फोडू, कौल घेऊ, देवाला दोन हात सरकवू, तोवर तात्पुरती निळी या डाव्या बाजूला घ्यायची आणि लालच्याच पाइपात घालायची. फक्त शंभर फूट. शंभर फुटांसाठी कोण मरतंय? साहेबांना संध्याकाळपर्यंत काम संपलेलं हवं होतं, नकाशा तर आधीच छापून आला होता, त्यात निळी उजवीकडं. मी सही ठोकली. ‘दोन्ही मार्ग स्वतंत्र.’ ती अमावास्या काय नऊ वर्षांत उगवली नाही. आणि गंमत सांगू? मागच्या महिन्यात रस्तेवाल्यांनी अर्ध्या तासात पूजा घातली, क्रेन लावली आणि म्हसोबाला उचलून त्या बाभळीखाली नेऊन ठेवलं. देव एका शब्दानं बोलला नाही. एका नारळाचं काम होतं हो.

चाचणी? होते ना, न होऊन कसं चालेल! दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी. लाल बंद करायची, निळीवर फोन चालतात का बघायचं. चालणारच की, त्याच पाइपात शेजारी शेजारी झोपलेल्या दोघी, एकीला झोपवलं तर दुसरी जागीच. शंभर टक्के पास. तीन वर्षं माझ्या भागात एकही टॉवर बंद पडल्याची नोंद नाही म्हणून मला प्रमाणपत्र दिलं, हार घातला, फोटो काढला. आमच्या हिनं भिंतीवर लावलंय ते, देव्हाऱ्याच्या शेजारी. येणाराजाणारा बघतो.

उरलं काय आता? विचारा. नाही विचारत? मग मीच सांगतो, तोंड उघडलंच आहे. या सगळ्यात सगळ्यात चांगलं काम कुणी केलं असेल तर टॉवरनं. वायरी तुटल्या तरी त्याला काय कळतंय, वीज चालू, दिवा चालू, उभा आपला ऐटीत. त्यामुळं मंगलाबाईंच्या फोनवर रेंजच्या चारही काड्या. मोबाइलला वाटतं, टॉवर आहे की, मग दुसरीकडं कशाला जाऊ? तो त्याच मुक्या टॉवरला धरून बसतो. तेच जर टॉवर पूर्ण बंद असता ना, तर मोबाइलनं शेजारच्या दुसऱ्या कंपनीचा टॉवर पकडला असता आणि रुग्णवाहिकेचा फोन त्यावरून गेला असता — अडल्यानडल्याच्या नंबरला कंपनी बघत नाहीत. हे तुम्हाला माहितीय, मला माहितीय, आणि आपल्या कंट्रोल रूममधल्या राखीला माहितीय. पोरगी तुमच्याएवढीच. बारा वाजता तिचा फोन आला मला खड्ड्यात. “काका, दोन्ही मार्ग गेलेत, मला इथून टॉवर बंद करता येत नाही, केबिनची चावी तुमच्याकडं आहे, जाऊन खटका पाडा, म्हणजे लोकांचे फोन दुसरीकडं वळतील.” दोनशे पावलांवर केबिन. चावी इथं, करगोट्याला. आजपण आहे, ही बघा. मी काय म्हणालो? म्हणालो, थांब गं पोरी, पाच मिनिटांत जोडतो.

का म्हणजे? खटका पाडला की नोंद होते ना मॅडम! टॉवर बंद, वेळ अमुक, कारण — दोन्ही मार्ग तुटले. आणि मग तुमच्यासारखा कुणीतरी नकाशा उलगडून विचारणार, दोन्ही कसे तुटले? त्याआधी एक तरी वायर जोडून मोकळं व्हायचं होतं मला. एक जोडली की म्हणता आलं असतं, जरा थोडा व्यत्यय आला होता. काचेचा धागा तो, केसाएवढा, दोनदा मोडला. राखीनं परत फोन केला. पाच मिनिटं. परत केला. पाच मिनिटं. लय गुणी पोरगी, वडीलधाऱ्या माणसाला उलट बोलायची नाही. तिचं नाव नका घालू कुठं. तिनं तीनदा सांगितलं होतं.

कसा लागला? राखीचा फोन? हां... मुकाच होता ना टॉवर. पण आम्हा जॉइंटवाल्यांच्या खिशात दुसऱ्या कंपनीचं सिम असतं, आपल्याच वायरी तुटल्यावर बोलणार कशावरून? म्हणजे माझा फोन चालू होता. पूर्ण वेळ चालू होता. आणि बाई आल्या होत्या मोरीवर. हो, आल्या होत्या. भराव आडवा, मला त्यांचं दुकान दिसत नव्हतं, मान वर केली तर नुसती सावली, उन्हात मोबाइल वर धरलेली. “भाऊ, फोन लागंना हो!” मी खालूनच म्हटलं, पाच मिनिटांत जोडतो, बाई, घाई नका करू. दिवसभर पन्नास लोक हेच बोंबलतात — रिचार्ज मारायचाय, व्हिडिओ बघायचाय. कुणाला फोन लावताय, एवढं विचारायचं होतं. तीन शब्द. मोबाइल खिशात, चावी कमरेला, आणि मी त्यांना म्हणतोय घाई करू नका. त्या ‘बरं भाऊ’ म्हणाल्या आणि पळत परत गेल्या. मला वाटलं, समजूतदार बाई आहे.

त्यांना काय आठवतं सांगू? एवढंच, की भाऊ खड्ड्यात उतरून जोडत होते. साय घालून चहा देतात, मॅडम, दोन महिने झाले, रोज. मी रोज येतो आणि रोज पितो. लाज वाटते का? वाटते. तरी पितो, कारण नाही प्यायलो तर विचारतील, भाऊ, काय झालं? आणि तो झुंबर पाण्याचा कॅन ठेवून माझ्याकडं बघतो. त्याला यातलं काही कळत नाही, कळलं असतं तर बरं झालं असतं.

हे घ्या तुमचं पेन. नाही, सही नाही करत. करतो — याच्यावर नाही. दुसरा कागद आणा, त्यात म्हसोबा घाला, पाइप घाला, चावी घाला. साहेबांना चालणार नाही? मग नवा जॉइंटवाला बघा म्हणावं, माझी नोकरीची तीन वर्षं उरलीत, न उरली तर घरी बसेन, प्रमाणपत्राकडं बघत. आणि अजून एक सांगतो, ते मात्र लिहून घ्या — या रस्त्यावर असे अजून चार म्हसोबा आहेत, तिथंपण दोन्ही वायरी एकाच पाइपात. एकाच्या तर मीच पाया पडून आलोय. आधी तिथले पाइप उघडा, मग माझी चौकशी लांबवा हवी तेवढी.

बास आता. उठा. त्या बघा, मंगलाबाई निघाल्यात घरातून, आणि मागून झुंबर कॅन घेऊन. नाही, तुम्ही थांबू नका, हे कागदावरून कळायला नको त्यांना. तुमची गाडी सावलीत लावलीय ना? मग जा. चहा नाही मिळणार आज, परत कधी आलात तर बघू. जा म्हटलं ना मॅडम, माझं धैर्य काय दिवसभर टिकणारं नाही.

या, मंगलाबाई. भिकाला वळवलं? बरं. नाही, त्या गेल्या, पुण्याच्या होत्या. चहा नका टाकू. मला नको. अहो, नको म्हणतोय ना, ते पातेलं ठेवा खाली आणि बसा जरा. झुंबर, तू कुठं चाललास? कॅन ठेव तिथं आणि तूपण बस, इथं, माझ्या शेजारी. मला सांगायचंय काहीतरी. पाच मिनि—

नाही. बसा. वेळ लागेल.