समोरच्या ताटाजवळचं पाकीट

मी तळवलीचा. ठाणे-बेलापूर रोडच्या खालच्या अंगाला, खाडीकडं आमची भाताची जमीन होती, नि बाप मिठागरावर जायचा, त्याच्या पायाला इतक्या भेगा की त्यात मेन भरून चालायचा. मग शहर आलं. जमीन गेली, पैसे आले, ते बी गेले, कुठं गेले तेवढं ताई तुमी विचारू नका, नि मी वाशीच्या एका हॉटेलात वेटरला लागलो. मंदाशी, म्हंजे माझ्या बायकोशी, लगीन झालेलं. पयला मुलगा आठ दिवसांचा होऊन गेला, नि मग तीन वर्षांनी काजल झाली. ही काजल जगली पायजे, माझं सगळं डोकं तेवढ्यावरच चालायचं तेव्हा. तिला नुसती शिंक आली तरी मी डॉक्टरकडं पळायचो, मंदा बोलायची, अवो आधी चप्पल तरी घाला.

हॉटेलात टिपचा एक रिवाज होता. काउंटरच्या खाली स्टीलचा डबा, कोनाला काय बी मिळो, त्यात टाकायचं, शनवारी सगळ्यांना सारखं वाटायचं, भांडी घासनाऱ्या बायांना बी. कोनी लपवली तर मालक नाय, आमीच त्याची धुलाई करायचो. रेल्वे वाशीपर्यंत आली त्याच्यानंतर दोन-तीन वर्षांची गोष्ट ही. तुर्भ्याच्या कंपन्यांत तेव्हा मशिनी बसवायला फॉरेनचे लोक यायचे. गोरे लोक टिप ठेवायचे, काही तर जेवनाच्या बिलाच्या निम्मी ठेवून जायचे, आमी बोलायचो रोज ये रे बाबा. पन जपानी लोक एक रुपया ठेवत नसत. वाकून नमस्कार करनार, हसनार, नि चालले. आमची चिडचिड व्हायची. मग त्यांच्याबरोबर एक दुभाषी बाई यायच्या, सानेबाई, त्या एकदा बोलल्या, अरे रागावू नका, त्यांच्या देशात टिप देनं म्हंजे अपमान, मी माझं काम केलंय, भीक कसली देता, असं वाटतं तिथल्या वेटरला. टेबलावर पैसे राहिले तर तो रस्त्यापर्यंत धावत जातो नि परत देतो. आमी इतके हसलो. मी बोललो, बाई, त्या वेटरची बायको त्याला घरात कशी घेते?

त्या जपानी लोकांतलाच एक तरना पोरगा होता, सत्तावीस-अठ्ठावीसचा. गळ्यात कायम कॅमेरा, म्हनून आमी त्याला फोटोवाला बोलायचो. सुट्टीच्या दिवशी खाडीवर जाऊन पक्ष्यांचे फोटो काढायचा. दुपारी तीनला, गर्दी ओसरली की यायचा, खिडकीजवळचं चार नंबर टेबल, समोरची खुर्ची रिकामी, नि डाळ-भात. भात त्याला लय आवडायचा, मी न मागता वाढायचो. दोन महिने वाढला. नि दोन महिने एक पैसा नाय. मी त्याच्या तोंडावर, हसत हसत बोलायचो, आला बघा आमचा कोरडा पाव्हना. त्याला काय कळतंय, तो बी हसायचा. आता ते आठवलं ना, जीभ झडावी असं वाटतं.

एक रविवार होता. फोटोवाला आला, घाईघाईत जेवला, सारखा घड्याळाकडं बघत होता. उठला, मला बोलावलं, शर्टाच्या खिशावर हात थोपटला, मग माझ्याकडं बोट, मग खाडीकडं बोट, मग जमिनीकडं, म्हंजे इथं परत येतो. मला काय समजलं नाय. मी मान हलवली. तो गेला तो गेलाच. ओहोटीला खाली चिखलात उतरला फोटो काढायला, तो चिखल आमाला म्हाईत, गुडघा गेला की मानूस हलत नाय, आनि वर भरती आली. आमच्याच बाजूच्या गावच्या लोकांनी दुसऱ्या दिवशी काढला त्याला. कॅमेरा गळ्यातच होता.

वर्ष झालं. आमी विसरलो पन. नि एका दुपारी तीनला एक जपानी म्हातारा एकटाच आला नि सरळ चार नंबरवर जाऊन बसला. बोटं दोन दाखवली, दोन ताटं. मी बोललो कोनी येनार असेल. दोन्ही ताटं वाढली, एक त्याच्यापुढं, एक रिकाम्या खुर्चीपुढं. कोनी आलं नाय. म्हातारा आपलं जेवला, सावकाश, मधेच त्या खुर्चीकडं बघून काहीतरी पुटपुटायचा. ते बघून आमचा आचारी आत निघून गेला. उठताना त्यानं समोरच्या ताटाजवळ पांढऱ्या कागदाची घडी ठेवली, दोन्ही हातांनी, माझ्याकडं बघून वाकला नि गेला. मी घडी उघडली, शंभराच्या पाच कोऱ्या नोटा. आजूबाजूला बघितलं. कोनी नव्हतं. काय सांगू तुमाला, मी त्या डब्यात टाकल्या नाय. खिशात घातल्या नि त्याच पैशात काजलला चांदीचे पैंजन आनले.

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. मंदा बोलली, पोर दुपारी जेवायला बसली की ताटली दारापाशी सरकवते. मी बोललो, खेळत असेल. म्हातारा रोज येत होता, दोन ताटं रोज, पाकीट मात्र पुन्हा नाय. मंगळवारी मला सुट्टी. दुपारी घरी होतो, बाहेर हे रखरखीत ऊन, नि काजल भात घेऊन दाराकडं तोंड करून बसलेली. अडीच वर्षांची पोर. एक घास सोता खायची नाय, सगळा समोर ठेवायची, नि मान वर करून बघायची, समोर मोठा मानूस बसला असला तर जेवढी वर करावी तेवढी. मी बोललो काजू, कोन हाय गं? ती बोलली, काका. कोन काका? काका ओला हाय. मी उठून उंबऱ्याशी गेलो तर लादीवर चिखल, काळा, खाडीचा. तो वास मी जलमापासून ओळखतो. आमच्या घरापासून खाडी अर्धा तास चालत, नि त्या दिवशी कोनी गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याबरोबर सानेबाई आल्या. मला बाजूला घेऊन बोलल्या, हिराजी, ओळखलंस का, हे आपल्या त्या फोटोवाल्याचे वडील. वर्षश्राद्धासारखं काहीतरी असतं त्यांच्यात, मुलगा जिथं जेवायचा तिथं त्याचं ताट वाढतात. माझ्या हातातला जग खाली पडला. आमच्यात बाराव्याला मेलेल्याचं पान वाढतात, पानाजवळ पैसा ठेवतात, तो पैसा कोनी उचलत नाय. आई सांगायची, उचललास तर पान ज्याचं तो तुझ्या मागं घरी जेवायला येतो. नि मी मेलेल्याचा पैसा माझ्या पोरीच्या पायात घातलेला. तिचं खानं सुटलेलं, गालफडं बसलेली. एक गेला होता माझा, ही बी जानार, नि माझ्या हातानं जानार!

म्हातारा दुसऱ्या दिवशी सकाळी निघनार होता. मी पैंजन काढले, पोर रडली, सोनाराला परत दिले, कमी पडले ते भावाकडनं घेतले, पाच नोटा त्याच कागदात घातल्या, कागद जपून ठेवला होता नशिबानं. सकाळी म्हातारा उतरलेला त्या गेस्ट हाऊसवर पोचलो तर त्याची गाडी सुरू झालेली. मी मागं धावलो. अक्षरशः धावलो, थांबा थांबा करत, सिग्नलपर्यंत. गाडी थांबली, म्हातारा उतरला, मी पाकीट पुढं केलं. त्यानं ते बघितलं, मला बघितलं, घामानं भिजलेल्याला, नि त्याचे डोळे भरले हो. दोन्ही हातांनी घेतलं, इतका वाकला की मलाच लाज वाटली. मी बोललो सुटलो. त्या दिवशी देवीला नारळ फोडला.

कसला सुटतो. घरी आलो तर काजल तशीच दाराकडं तोंड करून. मी बोललो, दिले ना परत पैसे, आता काय पायजे त्याला? पोरगी माझ्याकडं वळून बोलते, बाबा, काका रडतो. नि तिनं आपला इवलासा हात पुढं केला, पालथा नाय, उताना, काहीतरी घ्यायला करतो तसा. बोलली, काका देतो, घेऊ? मी झडप घालून तिचा हात ओढला. तो थंडगार होता.

सोमवारी सानेबाई हॉटेलात आल्या, खुशीत होत्या. बोलल्या, हिराजी, मिळालं ना पाकीट? मी बोललो कसलं? तेव्हा त्यांनी सांगितलं, म्हाताऱ्यानं निघायच्या आदल्या रात्री त्यांना सगळं बोलून दाखवलेलं. तो पोरगा मेला त्याच्या आदल्या दिवशी बाईंनीच त्याला सांगितलं होतं, इथं टिप द्यायची पद्धत हाय. तो शरमेनं लाल झाला. रात्रीच बापाला पत्र लिहिलं, एक मानूस मला दोन महिने न मागता भात वाढतो नि मी रोज त्याचा अपमान केला, उद्या त्याचे पैसे देईन. ते पत्र पोरगा गेल्यावर घरी पोचलं. म्हंजे खिसा थोपटत होता तो माझे पैसे दाखवत होता, ओहोटी निघून जाईल म्हनून आधी फोटो काढून येतो, मग घाई न करता नीट वाकून देतो, असं बोलत होता. म्हातारा मुलाच्या नावानं ते द्यायला एवढा लांब आलेला. पाकीट ताटाजवळ होतं कारन देनारा तिथं बसलेला! मेलेल्याला दिलेलं नव्हतं ते, मेलेल्यानं दिलेलं होतं. मी ते चोरासारखं उचललेलं, त्याच्या हातून घेतलंच नव्हतं, म्हनून तो मागं घरी आलेला. नि वर मी धावत जाऊन परत केलं. म्हाताऱ्याला वाटलं असेल, हा आपल्याकडच्या वेटरसारखाच इमानी मानूस, पैसे नाकारतो. तो समाधानानं गेला. पोरगा मात्र राहिला, हातात घेऊन, घेनारा कोनी नाय.

मी मालकाला न सांगता निघालो. घरी पोचलो, काजल बसलेली, ताटली पुढं. मंदा बोलली, काय झालं, एवढ्या लवकर? काजलच्या शेजारी मांडी घालून बसलो, दाराकडं तोंड करून. ऊन पडलेलं उंबऱ्यावर, बाकी काय नाय. मी हात पुढं केला, नि बोललो, दे बाबा. मी कोरडा पाव्हना बोललो तुला, माझं चुकलं. दे. घेतो मी.

हातावर काहीतरी टेकलं. ओलं, थंड, थोडं जड. दिसलं काय बी नाय. मी मूठ मिटली. काजलनं उंबऱ्याकडं बघून टाटा केला, ताटली सोताकडं ओढली नि भात खायला लागली, भसाभसा, तोंडभर. मंदा भिंतीला टेकून रडत होती. त्याच्यानंतर काका कधी आला नाय.

आता काजलचं लगीन झालंय, कोपरखैरण्याला असते, तिला एक पोरगी हाय, काजलला यातलं काय आठवत नाय. मी हॉटेल सोडलं. हा उजवा हात, बघा, धरून बघा, घाबरू नका. दुपारी तीनला असा थंड पडतो, तासभर. डॉक्टर बोलतो रक्ताचं काहीतरी हाय. असू दे. मला त्याचं टेन्शन नाय, एकच गोष्ट सलते. म्हाताऱ्याला वाटतंय मी त्याच्या मुलाचे पैसे घेतले नाय. पत्ता नाय माझ्याकडं, सानेबाई वारल्या, तो बी आता असेल की नाय देव जाने. ताई, तुमी हे कुठं कुठं छापनार, कोन कोन वाचनार. एवढं लिवा, मोठ्या अक्षरात लिवा. तुमच्या मुलानं दिलेलं तळवलीच्या हिराजीला मिळालं.