आधी पाठवणी, मग हळद

आमच्या केशोरी गावात दिलीपचा फोटो स्टुडिओ आहे. परवा तिथे एक बाई आपल्या नुकतंच लग्न झालेल्या मुलीला घेऊन बसल्या होत्या. मुलगी दुपारच्या गाडीने हैदराबादला निघणार होती आणि त्याआधी दोघींना लग्नाचा व्हिडिओ सोबत पाहायचा होता. दिलीपचा कॉम्प्युटर नवा, आठ कोरचा, म्हणजे एकाच वेळी काम करणाऱ्या आठ मेंदूंचा, पण व्हिडिओ काही तयार होईना, म्हणून त्याने मला बोलावलं. मी पाहिलं, तर एकच कोर राबत होता.

"बाकीचे सात काऊन बसून राहिले, भाऊ?" दिलीपने विचारलं.

"तुझं सॉफ्टवेअर जुनं आहे. धानाची अख्खी बांधी एकाच बाईला रोवायला देऊन राहिलं. तुकडे पाडून दे, मग सिस्टीम आपोआप सगळ्यायले काम वाटते."

हळदीपासून पाठवणीपर्यंत आम्ही आठ तुकडे केले आणि एकदम लावले. आठही कोर कामाला लागले. पाठवणीचा तुकडा सगळ्यात लहान, म्हणून तोच आधी तयार झाला. थांबायला वेळ नव्हता, तोच दाखवला. मायलेकी रडल्या. तेवढ्यात हळद तयार झाली आणि पिवळ्याधमक मामाला पाहून दोघी हसत सुटल्या.

डोळे पुसत आई म्हणाली, "असंच बरं झालं, पोरी. रडणं होऊन गेलं. आता हसत जा."