कार्डावरचे दोन ‘हो’

थकलेत? कोणाचे कान थकलेत, शेठ? आत्ताच तुम्ही या माईकवर म्हणालात, “वयोमानानुसार मामांचे कान आता थकले.” सगळ्यांनी माना डोलावल्या, टाळ्याही झाल्या. आणि मामा, तुम्ही मला तिथून हाताने ‘नको, नको’ करू नका. कार्यक्रमपत्रिकेत माझं नाव नाही, माहितीये मला. पण आता आलेच आहे वर, तर रीतीप्रमाणे सुरुवात करते.

आजच्या कार्यक्रमाचे सन्माननीय अध्यक्ष, आमच्या वर्कशॉपचे मालक शेठ. मामांचं तोंडभर कौतुक करताना त्यांना तीन वेगवेगळ्या नावांनी हाक मारणारे आदरणीय प्रमुख पाहुणे. आजचे सत्कारमूर्ती, ज्यांना मिस्त्री असं कागदावर म्हणतात आणि मामा असं तोंडावर. पहिल्या रांगेत बसलेल्या मामी. वर्कशॉपमधले माझे सहकारी. आणि चहाची वाट बघणारे आपण सर्वजण, नमस्कार.

मी तक्रारीच्या टेबलावर बसते. ट्रॅक्टर आला की गिऱ्हाईक आधी माझ्याकडे येतं, मी कार्ड भरते आणि ते कार्ड मामांकडे जातं. चार वर्षांपूर्वी मी साहित्याची पदवी घेऊन इथे लागले, त्यामुळे पहिल्याच दिवशी कार्डावर लिहिलं, “पुढच्या ॲक्सलमधून करुण कुरकुर.” मामांनी ते अख्ख्या वर्कशॉपला मोठ्याने वाचून दाखवलं. दोनदा.

“करुण?” मला म्हणाले. “बाईसाहेब, ॲक्सल सासरी निघालाय का? आवाज कसा येतो ते गिऱ्हाईक तोंडाने काढून दाखवतं, ते राहू दे. तू लिही, कधी येतो.”

खरं आहे ते. एका शाळेचे मुख्याध्यापक माझ्यासमोर उभे राहून दहा मिनिटं ‘खर्र-टक, खर्र-टक’ करत होते. मामा शांतपणे ऐकून घेतात आणि चार प्रश्न विचारतात. सरळ जाताना येतो की वळताना? फोर-व्हील, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर देणारा दांडा, लावल्यावरच येतो की काढल्यावरही? टणक जमिनीवर येतो की मातीतही? आणि जॅकवर उचलून चाक हाताने फिरवलं तर? एवढ्यावर अर्धा ॲक्सल न खोलताच कळतो. हे चार प्रश्न मामांनी माझ्या कार्डावर छापून घेतले. शेजारी ‘हो’ आणि ‘नाही’. म्हटलं, मामा, वर्णनाला जागा? म्हणाले, “पाठीमागे कोरं आहे. तिथे कर काय करुण करायचंय ते.”

मामी परवा मला सांगत होत्या, “अगं, गुडघा वाजतो म्हटलं तर यांनी विचारलं, वळताना की सरळ चालताना?” मामी, खाली बघून हसू नका. पुढे तुम्हीच म्हणालात की प्रश्न बरोबर होता, डॉक्टरांनीही तोच विचारला.

असो. दोन महिन्यांपूर्वी रोपवाटिकेचे काका त्यांचा छोटा फोर-व्हील ट्रॅक्टर घेऊन आले. त्याचं पुढे काय झालं ते इथल्या सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे, सगळ्यांना वाटतं की ठाऊक आहे. वळताना ट्रॅक्टरच्या पुढून खट-खट येत होतं. मामांनी पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचलली, तेल काढलं. तेल स्वच्छ, लोखंडाचा चुरा नाही. चाकाला हलवून पाहिलं, ढिलं नाही. तरी मामांनी दोन्ही बाजू खोलल्या, बेअरिंग बदलली, आपल्या आवारात गोल-गोल फिरवून पाहिलं. चिडीचूप. काका घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आले. खट-खट. मामांनी पुन्हा खोललं. तिसऱ्यांदा काका आले ते भर आवारात ओरडले, “ऐकू येतंय का मिस्त्री, की मी वाजवून दाखवू?” शेठ, तेव्हा तुम्ही जिन्यावर उभे होतात. त्याच आठवड्यात ठरलं की पुढच्या ॲक्सलची कामं यापुढे बाहेर पाठवायची आणि मामांना एक वर्ष आधीच विश्रांती द्यायची. आजचा हा गुच्छ त्या खट-खटीचा आहे.

आता मला सांगा, ज्या माणसाला चालत्या इंजिनात माझ्या पेनाचा टकटकाट ऐकू येतो आणि तो तिथून ओरडतो, “बाईसाहेब, विचार कमी, लिहा जास्त,” त्याला हा आवाज का सापडला नाही?

कारण कार्ड. ते मी आज सोबत आणलंय. मामा, ओढू नका पदर, फाटेल. ऐका.

काका त्या दिवशी खूप बोलत होते. मोगऱ्याच्या कलमांवर बोलले, जावयावर बोलले, आणि त्यातच म्हणाले की रोपवाटिकेत सगळीकडे नवे सिमेंटचे रस्ते करून घेतलेत, आता मातीत ट्रॅक्टर उतरतच नाही. आणि फोर-व्हीलचा दांडा आम्ही काढतच नाही, लावलेलाच असतो. मी ऐकलं. लिहिलं नाही. फोन वाजत होता, मागे रांग होती. आणि रकाना कोरा दिसला की मामा दहा पावलं चालत येऊन सगळ्यांसमोर टोमणा मारतात. म्हणून मी भरला. फोर-व्हील काढल्यावर आवाज येतो? हो. मातीतही येतो? हो. हे दोन्ही ‘हो’ माझे. काकांचे नाहीत.

आता कामावरच्या माणसांना समजलं असेल. बाकीच्यांसाठी सांगते. या ट्रॅक्टरमध्ये फोर-व्हील लावलं की पुढची चाकं मागच्यांपेक्षा जरा घाईत फिरतात. मातीत ती थोडी घसरतात, आणि तो फरक मातीतच मिटतो. सिमेंटवर घसरायला जागा नाही. मग दोघांची ओढाताण गिअरच्या दातांमध्ये साठत जाते आणि वळताना सुटते. खट्. ॲक्सल ठणठणीत होता. आपलं आवार मातीचं, तिथे वाजणार काय? मामांनी काकांना विचारलंही होतं. काका रागाने म्हणाले, “सगळं तुमच्या बाईंना सांगितलंय.” मामा म्हणाले, “मग कार्डावर असेलच.” मशीनवर संशय घेणाऱ्या या माणसाने माझ्या अक्षरावर घेतला नाही.

शेवटी एका रविवारी मामा स्वतः बसने रोपवाटिकेत गेले. सिमेंट बघितलं, ट्रॅक्टर एकदा वळवला, दांडा काढला, पुन्हा वळवला. आवाज गेला. काकांना म्हणाले, “माझंच चुकलं, मी नीट विचारलं नाही.” सोमवारी आले, कार्ड माझ्या टेबलावर ठेवलं, दोन्ही ‘हो’वर बोट ठेवलं आणि चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाले, “अक्षर मात्र छान काढलंयस.” आणि मग, “गप्प बस. तुझी सगळी नोकरी अजून पुढे आहे.”

मी गप्प बसले. तीन आठवडे. त्या तीन आठवड्यांत ‘मिस्त्रींचे कान गेले’ हे गॅरेजपासून सलूनपर्यंत पोचलं, आणि आज माईकवरही आलं.

मामा, तुम्ही खडूस आहात. चहात साखर जास्त झाली तरी बनवणाऱ्याला विचारता, “कधी घातलीस, उकळायच्या आधी की नंतर?” पण तुमचे कान शाबूत आहेत, आणि हे तुमच्या निरोपाला मी म्हटलं नाही तर कोण म्हणणार?

अध्यक्षांनी मला न दिलेली संधी मी घेतली, तरी माईक बंद केला नाही, त्याबद्दल त्यांचे आभार. आपण चहा थंड होऊ देऊन ऐकलंत, आपलेही आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर सांभाळून घ्या. कार्डावर जे झालंय ते मात्र सांभाळून घेऊ नका.

शेठ, हे कार्ड तुमच्यासमोर ठेवते. मामांचं एक वर्ष राहिलं होतं आणि त्यांना ते करायचं होतं. ते द्यायचं का, आणि माझं काय करायचं, दोन्ही तुम्हीच ठरवा. पण मी इथून गेल्यावर ठरवा. रोपवाटिका उघडी आहे तोवर मला काकांनाही हेच सांगायचंय. आणि मी समोर असले, तर मामा पुन्हा माझीच बाजू घेतील.

येते.