गुप्ते मास्तरांच्या फिरत्या भोंग्याबाबत

नाव: गिरजाबाई नामदेव भोईर, वय ५२ वर्षे, धंदा शेती व भाजीविक्री, राहणार मौजे चिंचपाडा, ता. रोहा, जि. रायगड. दिनांक ११/०५/२०१०.

काळुराम पाटील, रा. पेण, यांनी दिलेल्या तक्रारी अर्जाच्या चौकशीसाठी बोलावल्यावरून मी आज पोलीस ठाण्यात स्वतः येऊन सांगते की,

वरील पत्त्यावर मी, माझी मुलगी सरू व सासू काशीबाई अशा तिघी राहतो. सासूचे एक अंग लुळे असून ती खाटेवर असते. माझे पती सन २००५ च्या पुरात मयत झाले. त्या दिवशी वरच्या आळीत देवळाची घंटा वाजवत होते, ती आमच्या नदीकडच्या आळीला ऐकू आली नाही. त्याबद्दल मला जास्त सांगायचे नाही.

आमच्या शेजारच्या आळीतले दत्तात्रेय गुप्ते हे निवृत्त शिक्षक आहेत. त्यांना पहिल्यापासून खटपटीचा नाद. गेल्या वर्षी त्यांनी धाटावच्या भंगारवाल्याकडून कुठल्याशा कंपनीचा जुना भोंगा आणला. तो एकाच बाजूला ओरडायचा. मास्तरांनी त्याला पत्र्याचा मोठा कर्णा बसवला आणि खाली रसवंतीच्या गाड्याचे चाक व रिक्षाच्या वायपरची मोटर लावून तो गच्चीवर गोल फिरता केला. मी त्यांना म्हटले, "मास्तर, या वयात ह्ये काय खूळ?" ते म्हणाले, "गिरजाबाई, आता याचं तोंड तुमच्या आळीकडेही वळेल." मी घरून चार गोणपाटे आणून मोटरीवर झाकायला दिली.

रविवार दिनांक ०९/०५/२०१० रोजी आमच्या दारात सरूचा साखरपुडा होता. नवरामुलगा पुंडलिक म्हात्रे हा धाटावला एका कंपनीत ऑपरेटर आहे. त्याला वडील नाहीत, म्हणून सगळे त्याचे मामा काळुराम बघतात. सरूची याआधी दोन ठिकाणे मोडली. लुळ्या आजीला सोडून ती कुठे लांब जायला तयार नाही, हे एक कारण. म्हणून हे तरी जुळू दे, असे मी देवाला किती वेळा म्हटले असेल ते माझे मला ठाऊक.

दुपारी लाईट गेलेली होती. मास्तर मांडवातच होते, सरबताचा पेला त्यांच्या हातात होता. लाईट आली आणि भोंगा सुरू झाला. बटण चालूच राहिले होते. भोंग्याचा आवाज एकसारखा, पण तो फिरता. तोंड आमच्याकडे आले की चढायचा, पाठ झाली की उतरायचा. कंपनीत असा चढता-उतरता भोंगा गॅस गळला तरच वाजवतात. अर्धा मांडव कंपनीत कामाला जाणारा. पुंडलिक उठून ओरडला, "गॅस! फडकी भिजवा, वाऱ्याला आडवे पळा!" झाले. जो तो तोंडाला ओले फडके बांधून टेकडीकडे सुटला. एकाने तर टॉवेल ताकाच्या पातेल्यात बुचकळला. मास्तर एकटे उलट्या दिशेने धावत होते, "अहो, गॅस नाही, माझा भोंगा आहे!" पण ऐकतो कोण.

काळुराम मामा मात्र टेकडीकडे आले नाहीत. ते साडीचे ताट घेऊन जीपमध्ये बसले. त्यांची सख्खी बहीण, म्हणजे पुंडलिकची आई हौसाबाई, "दादा, थांब रं!" करत मागे धावली, ती तशीच राहिली. जीप थांबली ती थेट हमरस्त्यावरच्या खांब गावाला.

पुंडलिक आमच्या घरात शिरला. त्याने स्वतःचा ओला रुमाल सोडून सासूच्या तोंडाला बांधला आणि तिला पाठीवर घेतले. सासू म्हणत होती, "मेल्या, कोन रं तू? सोड मना!" तो म्हणाला, "आजी, मंग शिव्या दे, आता गप ऱ्हा." तिला त्याने टेकडीवर नेऊन ठेवले. तेवढ्यात भोंगा बंद झाला व खरे काय ते सगळ्यांना कळले. पुंडलिकचे तोंड बघण्यासारखे झाले. सरू तर पोट धरून हसली. पाच वर्षांत मी तिला तशी हसताना पाहिलेली नव्हती.

संध्याकाळी मामा परत आले. अपशकुन झाला म्हणून अंगठी घालू दिली नाही. काल त्यांनी निरोप पाठवला, की मास्तरांनी साखरपुडा मोडायला मुद्दाम भोंगा वाजवला असा जबाब मी द्यावा, तर लग्न होईल; नाहीतर तुमची मुलगी तुमच्या घरी. अर्जात सासूला इजा झाल्याचेही लिहिले आहे. ते खोटे आहे. सासूला खरचटलेदेखील नाही. ती दोन दिवस त्या पोराचीच विचारपूस करते आहे.

मी सांगते ते नीट लिहून घ्या. मास्तरांनी मुद्दाम काही केले नाही. बटण विसरले ही त्यांची चूक, त्याबद्दल मी त्यांना तोंडावर बोलले आहे. माझी त्यांच्याविरुद्ध तक्रार नाही. हे लग्न मोडले तर मला वाईट वाटेल, फार वाटेल, तेही लिहा. पण जो माणूस माझ्या आळीला ऐकू जावे म्हणून उन्हात राबला, त्याला गुन्हेगार करून मी पोरीला हळद लावणार नाही. सरूला विचारले, तर ती म्हणाली, "आये, खरं हाय त्येच सांग."

काल शिफ्ट सुटल्यावर पुंडलिक मास्तरांच्या गच्चीवर आला होता. तो त्यांना समजावत होता, की भोंगा फिरवत वाजवू नका. एका आळीकडे तोंड करून थांबवा, वाजवा, मग पुढच्या आळीकडे वळवा, म्हणजे कंपनीचा वाटणार नाही. दोघे खडूने जमिनीवर आकृत्या काढत होते. लग्नाबद्दल तो काही बोलला नाही आणि माझी विचारायची छाती झाली नाही.

या अर्जावरून भोंगा सध्या आपल्या ठाण्याच्या आवारात जमा आहे. पावसाळा तोंडावर आला आहे. तो मास्तरांना त्याआधी परत मिळावा, एवढीच माझी विनंती.

हवालदारांनी हा सगळा मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. मी बोलले तसाच तो उतरला आहे. साक्षीदार म्हणून सही करायला बरोबर कोणी आहे का, असे विचारले असता मी नाही म्हणाले. तेव्हा कंपनीच्या कपड्यात दाराशी उभा असलेला इसम आत आला व त्याने सही केली.

सही: गिरजाबाई नामदेव भोईर

समक्ष सही: पुंडलिक कान्हू म्हात्रे, वय २९, नोकरी. अर्जदाराशी नाते: भाचा. जबाब देणारीशी नाते: जावई. ('होणारा' असे लिहायचे का, असे विचारता, नको म्हणाला.)