रिकाम्या खोक्याची पोच

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान झालेले संचालक साहेब, आज कामधंदा बाजूला ठेवून आलेले आमचे पुरवठादार बंधुभगिनी, खरेदी, भांडार आणि उत्पादन विभागांतले माझे सहकारी, आणि पहिल्या रांगेत बसून मघापासून मनगटावरच्या घड्याळाकडे बघणारे आमचे हे. सर्वांना माझा सविनय नमस्कार.

आत्ताच अध्यक्षांच्या हस्ते मला हे सुंदर वेष्टनातलं खोकं मिळालं. टाळ्या झाल्या, फोटो झाला. अशा वेळी 'मी भारावून गेले आहे' असं म्हणायची पद्धत आहे आणि मी ते म्हणणारही होते. पण खोकं हातात घेतलं आणि जराशी थबकले. मंडळी, आपल्या भांडारात एक नियम आहे. खोकं उघडून आतला माल डोळ्यांनी बघितल्याशिवाय पोचेवर सही करायची नाही. माल आणणारा सख्खा भाऊ असला तरी नाही. हा नियम मी सगळ्यांना घोकून घोकून पाठ करायला लावला. आता निवृत्त होताना मीच तो मोडू का? अध्यक्ष महोदय, आपली परवानगी गृहीत धरते.

ही निघाली चिकटपट्टी. आत काय आहे? चुरगळलेले कागद. त्यांच्या खाली? आणखी चुरगळलेले कागद. आणि त्यांच्या खाली खोक्याचा तळ.

हसू नका हो. प्रशासन अधिकारी, तुम्ही उभे राहू नका, बसा. काय म्हणता? भिंतीवरचं घड्याळ होतं आणि गाडी वाटेत अडकली? एकाच दुकानातून मागवलं होतं आणि बरोबर कार्यक्रमाच्या वेळेला पोहोचणार होतं, असंच ना? मग तुमची काहीच चूक नाही. तुम्ही आपलं नवं धोरण अक्षरशः पाळलंत.

पाहुण्यांना हे धोरण ठाऊक नसेल म्हणून सांगते. आपण नवजात बाळांना ऊब देणाऱ्या पेट्या बनवतो. पुढच्या महिन्यापासून पेटीच्या प्रत्येक सुट्या भागाला एकच पुरवठादार राहणार. भाग ज्या दिवशी लागेल त्याच दिवशी दारात येणार. संचालक साहेबांनी हे सगळं पडद्यावर दाखवलं, तेव्हा एक नाव लाल रंगात होतं आणि शेजारी लिहिलं होतं, 'अनावश्यक'. त्या इथे तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. रबरवाल्या ताई, जरा हात वर करा. करा हो, लाजता काय? मंडळी, या अनावश्यक बाई.

पेटीच्या झाकणाला आतून एक रबरी कडं बसतं. ते नीट बसलं नाही, तर ऊब बाहेर जाते. बहुतेक कडी एका मोठ्या कारखान्यातून येतात आणि थोडी ताईंच्या शेडमधून. ताईंचं कडं महाग पडतं हे खरं आहे. ते मी कधीही नाकारलं नाही.

पण मागच्या हिवाळ्यात काय झालं? मोठ्या कारखान्यात आग लागली. माणसं सुखरूप बाहेर आली, साचे मात्र गेले. त्यांनी हात वर केले, आणि त्यात त्यांचा तरी काय दोष? इकडे थंडी वाढत होती. एका रुग्णालयाच्या मुख्य परिचारिका मला रोज फोन करायच्या. एक दिवस त्या चिडून म्हणाल्या, "बाई, बिनझाकणाच्या पेटीत बाळ ठेवू का मी? तुम्हीच सांगा, ठेवू?" मी ताईंना फोन लावला. एरवी फोनवर नातेवाइकांच्या लग्नांपर्यंत पोहोचणाऱ्या ताई त्या दिवशी एवढंच बोलल्या, "साचा गरमच आहे. किती हवीत ते सांगा."

मी फोन ठेवला आणि रडले. त्याची मला आजही लाज वाटत नाही.

आता मला सांगा, साचा गरम का होता? कारण आपण त्यांना नेमाने थोडं का होईना काम देत होतो. म्हणून त्यांचे कारागीर टिकले आणि त्यांचा हात बसलेला राहिला. हिशोब विभागातले मित्र म्हणतात, "मग एकदाच भरपूर कडी घेऊन ठेवा की!" अहो, रबर पडून पडून कडक होतं. त्याची रास घालून निर्धास्त झोपता येत नाही. इथे माल राखून भागत नाही, माल करणारी माणसं राखावी लागतात.

फाजील साठ्याची मीही वैरीण आहे. गोदामातली निम्मी अडगळ मीच हलवली, तेव्हा जुने लोक माझ्यावर किती रुसले होते ते आठवा. घरी मात्र माझा वेगळाच लौकिक आहे. आमची सूनबाई माळ्याला 'सासूबाईंचं दुसरं गोदाम' म्हणते. म्हणू दे. घरात साबण संपला की हळूच तिथेच चढते, हे मी बघितलं आहे.

संचालक साहेब हुशार आहेत आणि त्यांची नियत साफ आहे, हे मी मनापासून सांगते. ते मला म्हणाले, "मॅडम, वेळ आलीच तर ताईंना फोन करू ना." साहेब, एरवी ज्यांच्याकडे ढुंकून बघितलं नाही, त्यांच्या दारात अडल्यावर कोणत्या तोंडाने जाणार? आणि दार उघडायला तिथे कोणी उरलेलं असेल का?

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकते. निवृत्तीनंतर मला सल्लागार म्हणून ठेवायचं ठरत होतं. अट इतकीच की, आजच्या भाषणात मी नव्या धोरणाबद्दल चार चांगले शब्द बोलावेत. मी अगदी प्रामाणिकपणे शोधले. दोन सापडले, 'देखणं' आणि 'स्वस्त'. उरलेले दोन बहुधा घड्याळाच्याच गाडीत आहेत.

तेव्हा सल्लागारपद मला नको. आमच्या यांचा चेहरा पडला बघा. आता मी दिवसभर घरी असणार, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं.

पण खरेदीप्रमुख म्हणून सही करायचा माझा अधिकार आज कचेरी बंद होईपर्यंत शाबूत होता. दुपारी जेवायला उठण्याआधी मी ताईंच्या पुढच्या वर्षभराच्या ऑर्डरवर सही केली. ताई, अशा बघू नका, ऑर्डर पोहोचेल तुमच्याकडे. अध्यक्ष महोदय, सगळं नियमात बसवून केलं आहे, खुशाल तपासून घ्या. ती रद्द करायचा अधिकार तुम्हाला आहे. फक्त रद्द करणाऱ्याला खाली स्वतःची सही करावी लागते. 'धोरण' नावाचं कोणी येऊन सही करत नाही, ती माणसालाच करावी लागते.

ज्यांना ती सही करायची असेल त्यांच्या सोयीसाठी मी या चिठ्ठीवर मुख्य परिचारिकांचा फोन नंबर लिहून आणला आहे. आधी त्यांच्याशी बोला, त्यांच्या प्रश्नाचं उत्तर द्या आणि मग सही करा. चिठ्ठी मी या खोक्यात टाकते. संचालक साहेब, हे खोकं तुमच्या टेबलावर राहू द्या. उघडून बघून घ्या हं, आता ते रिकामं नाही.

आपण सर्वांनी इतकी वर्षं मला सांभाळून घेतलंत, माझा आवाज आणि माझे नियम सोसलेत, त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा उल्लेख राहिला असेल, कुणाला शब्द लागला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. माझ्या हातून झालेल्या सगळ्या चुकांची मी हात जोडून क्षमा मागते. ताईंची ऑर्डर मात्र त्यात धरू नका.