माझं फावडं तुझ्या पाठीवर

(बर्फाची दुपार. शेजारच्या खोलीत बाळ आणि बाळाचा बाबा झोपलेत, म्हणून सगळं बोलणं कुजबुजत.)

वहिनी : हळू! बॅगेची चेन हळू ओढ. एकेक दात सोडव.

नणंद : भिंतीपलीकडे ऐकू जातं तिला?

वहिनी : माझी पापणी लवली तरी ऐकू जातं.

नणंद : आणि दादा इतका घोरतोय ते?

वहिनी : ती अंगाई. चेनचा आवाज म्हणजे जॅकेट, जॅकेट म्हणजे आई निघाली. दहा महिन्यांची आहे, पण एवढं कळतं तिला.

नणंद : बरं बाई. ही करडी बॅग, ही निळी आणि हा नारिंगी डोंगर. दुकान बंद व्हायच्या आत यातल्या दोन परत करायच्यात. बोल, कोणत्या दोन?

वहिनी : तिन्ही कर.

नणंद : झालं! पुन्हा पहिले पाढे.

वहिनी : भिंगरे, तुला नाही कळायचं.

नणंद : एका दिवसाचा तर प्रश्न आहे. उद्या सकाळी निघायचं, स्कीच्या तळाला पट्ट्या लावून चढायचं, एकदाच उतरायचं आणि अंधाराआधी घरी. सांभाळायला बाप आहे तिला. आणि मागच्या मागच्या हिवाळ्यात कशी उतरायचीस तू! मी माझ्या स्नोबोर्डवर बटाट्यासारखी गडगडत यायचे आणि तू पुढे... कुणी पेन्सिलनं रेघ ओढत गेल्यासारखी.

वहिनी : ...नारिंगी दे इकडे.

नणंद : कधी भरलीस ही? अगं उचलत नाहीये! दोन थर्मास, स्वेटर, स्वेटरवर स्वेटर, टॉर्च, आणखी एक टॉर्च...

वहिनी : पहिली विझली तर?

नणंद : दुसरी शोधायला तिसरी नाही घेतलीस? एका दिवसाला निघालीस की तिथे संसार थाटायला? एवढं घेऊन वळलीस ना, तर तू वळशील आणि बॅग सरळ जाईल. आणि हे काय? पिल्लूचा मोजा?

वहिनी : असू दे.

नणंद : एकच?

वहिनी : दुसरा तिच्या पायात आहे.

नणंद : ...बरं. असू दे. पण नारिंगी बाद. करडी बघ, पिसासारखी आहे.

वहिनी : पिसासारखी आहे, पण कप्पा एकच. फावडं तळाशी जातं. ते काढायचं तर आधी डबा, मग स्वेटर, मग थर्मास बाहेर. तोपर्यंत...

नणंद : तोपर्यंत काय?

वहिनी : काही नाही. करडी बाद.

नणंद : मग निळी राहिली. उभी राहा, पाठ कर. कमरेचा पट्टा आधी, खांद्याचे नंतर. वजन कमरेवर बसलं पाहिजे. बसलं?

वहिनी : बसलं.

नणंद : फावड्याला आणि बर्फाखालचं माणूस शोधायच्या सळईला पुढे वेगळा कप्पा आहे, ठेवलंय त्यात. बाकीचं पाठीकडून उघडतं, म्हणजे बॅग बर्फात आडवी टाकली तरी पट्टे कोरडे. हे जाड हातमोजे घाल. डोळे मीट. आता उतरव आणि काढ फावडं.

वहिनी : ...हे घे.

नणंद : बघ! सोंगटी उचलावी तसं उचललंस. घाल परत पाठीवर. वहिनी...

वहिनी : काय?

नणंद : तू डोलतेयस.

वहिनी : मी?

नणंद : बॅग पाठीवर घेतल्यापासून. या पायावरून त्या पायावर. जोजवतेयस तिला.

वहिनी : ...पाठीवर वजन आलं की पाय आपोआप हलतात आता. दूध आणायला रांगेत उभी असते, तिथेही हलतात.

नणंद : थांबू नकोस गं. छान दिसतंय.

वहिनी : एक सांगू? हसशील.

नणंद : हसेन. सांग.

वहिनी : पाजताना डोळे मिटले ना, की मी तो उतार चढते. रोज. झाडं मागे पडतात, मग ते पांढरं माळरान. वारा नाही, पाऊल नाही, माझं माझंच श्वास घेणं तेवढं ऐकू येतं. इतकं बरं वाटतं, काय सांगू. वर पोचते, काहीतरी खावं म्हणून बॅग उघडते, तर आत ही खोली.

नणंद : कुठली?

वहिनी : हीच, पलीकडची. तो पिवळा दिवा, पाळणा, खुर्चीवर वाळत टाकलेली झबली. ती झोपलेली. सगळं इवलंसं, पण जिवंत, उबदार. आणि बर्फ पडायला लागतो. आत जाऊ नये म्हणून मी चेन लावायला जाते, तर लागतच नाही. कितीही ओढली तरी.

नणंद : मग?

वहिनी : मग ती चावते आणि मी जागी होते.

नणंद : ...हसले नाही बघ.

वहिनी : म्हणून म्हणते, तिन्ही परत कर. मला काही झालं तर? बॅग कितीही शहाणी असली तरी वरून बर्फ कोसळून मी गाडले गेले की तीही माझ्याबरोबर गाडली जाणार. हे फावडं मला काय कामाचं?

नणंद : ते तुझ्या कामाचं नाहीच मुळी. ते माझ्यासाठी आहे, मी गाडले गेले तर मला उकरायला. माझं फावडं तुझ्या पाठीवर, तुझं माझ्या पाठीवर. तूच शिकवलंस मला, पहिल्याच दिवशी, त्या गाडीतळावर. विसरलीस?

वहिनी : ...विसरले नव्हते. पण मी तर परवापासून माझ्याच बॅगेला कवटाळून बसलेय. भिंगरे, तुझी बॅग आण.

नणंद : माझी कशाला?

वहिनी : आण म्हटलं ना.

नणंद : ही घे. चेन जरा अडकते, डावीकडे ओढून मग वर. नाही, तशी नाही, हिसका दे. हळूच हिसका.

वहिनी : संत्र्याची सालं. मेण. कुणाचा तरी चष्मा.

नणंद : अगंबाई, इथे आहे होय!

वहिनी : सळई आहे. फावड्याचं पातं आहे. दांडा?

नणंद : असेल की खाली.

वहिनी : खाली तळ आहे. दांडा कुठे आहे?

नणंद : ...गाडीत. परवा काचेवरचा बर्फ काढायला घेतला होता.

वहिनी : म्हणजे नुसत्या पात्यानं मला उकरणार होतीस?

नणंद : वहिनी, ओरड हवं तर.

वहिनी : ओरडता येत नाही. ती झोपलीय.

नणंद : चुकलं. खरंच चुकलं. म्हणूनच मला तू हवी असतेस गं. तू नव्हतीस तेव्हा त्या स्कीवाल्या पोरांबरोबर गेले दोन-तीनदा, पण तिथे कुणी कुणाच्या बॅगेत डोकावत नाही. सगळे आपापल्या ऐटीत. दुसऱ्याच्या बॅगेत हात घालून सालं मोजणारी तू एकटीच. दादा म्हणतो, बायको फार घाबरते. मी म्हणते, अरे, घाबरणारं माणूस बरोबर असलं की मला घाबरावं लागत नाही.

वहिनी : मी नाही आले तर तू उद्या जाशील?

नणंद : ...त्या पोरांनी विचारलंय.

वहिनी : दांडा घेऊन?

नणंद : आता घेऊन.

वहिनी : आता म्हणजे मी विचारलं म्हणून.

नणंद : हो.

वहिनी : ...नारिंगी आणि करडी परत कर. आणि अशीच आणखी एक निळी घेऊन ये, तुला.

नणंद : सारखीच? जुळ्या दिसू.

वहिनी : दिसू दे. कोणता कप्पा कुठे, ते अंधारातही कळलं पाहिजे. तुझं मला आणि माझं तुला. जाताना गाडीतून दांडा काढ. आधी मला दाखव आणि मग दुकानात जा.

नणंद : आज्ञा. म्हणजे तू येतेयस?

वहिनी : एक थर्मास, एक स्वेटर, एक टॉर्च. बाकी काढ सगळं.

नणंद : एक टॉर्च! दृष्ट काढायला हवी तुझी. आणि मोजा? तो राहू दे ना?

वहिनी : नको. तो तू घे. नवी बॅग आणलीस की फावड्याच्या कप्प्यात ठेव.

नणंद : माझ्या? का?

वहिनी : असू दे.

नणंद : ...ठेवते. अगदी वर ठेवते, फावडं काढताना आधी हाताला लागेल असा.

वहिनी : हं. मी या निळीची चेन लावून टाकते.

नणंद : अगं, हळू! एकदम काय ओढतेस, केवढा आवाज!

वहिनी : लागली बघ. टोकापर्यंत.

नणंद : उठली असेल ती.

वहिनी : थांब. ऐकू दे.

नणंद : ...उठली?

वहिनी : नाही. कूस बदलली फक्त.