जपानला आलेली वही

टोकियोतल्या निशी-कसाई स्टेशनसमोर बसच्या रांगेत सई कडेवरच्या बाळाला थोपटत होती. मागून कुणा अनोळखी बापलेकीचं मराठी ऐकू आलं, तसा तिचा हात मंदावला.

"बाबा, एका जागी उभे राहा आणि खरं सांगा. नातवाला भेटायला आलात, की लपायला?"

"लपायला काय झालंय, अरुणा?"

"सोनलनं आमदारसाहेबांच्याच जागेवर पक्षाचं तिकीट मागितलंय. उद्या मुलाखत आहे तिची. आणि बूथवरच्या कार्यकर्त्यांची वही तुम्ही इकडे घेऊन आलात."

"तिथं ठेवली असती, तर दोघांपैकी एकाला द्यावी लागली असती."

"लेक आहे ती तुमची."

"आणि साहेबांबरोबर तीस वर्षं गेली माझी."

"म्हणून तिनं रिकाम्या हातानं जायचं?"

बस आली. रांग पुढे सरकली, पण ती दोघं हलली नाहीत. सईही नाही. पिशवीची चेन वाजली.

"घे. फोटो काढून पाठव. लाल खुणेची माणसं साहेबांवर नाराज आहेत, आधी त्यांना गाठ म्हणावं."

"बाबा..."

"थांब. त्याआधी साहेबांना फोन लाव. माझ्याच तोंडून कळू दे त्यांना."

"तिकडे आत्ता साडेपाच वाजलेत."

"उठले असतील. प्रत्येक प्रचारात मीच उठवलंय त्यांना."